भट्टी क्रमांक तीन

नोंदवहीत सगळं सरळ आहे:
अकराशे अंश, दाब कमी, मिथेन संथ.
शिकलगारांचं अक्षर, गुळाच्या ढेपेसारखं गोल.

नमुना घासून भिंगाखाली धरते.
केसाहून बारीक धागे,
धाग्यांभोवती कार्बनची वलयं,
वलयांवर काळी फुली.
नमुना फिरवला तरी
फुली जागची हलत नाही.

सावकाश बसलेला थर उजेड परत देतो.
घाईचा थर नुसती काजळी.

आणि इथे, बाहेरून तिसरं,
एक विझलेलं कडं.

पुलाच्या शिरोलीत, शेडमागच्या खोलीत
त्यांना बोलावते.
एक डोळा मिटून ते बराच वेळ बघतात.
"मंगळवार," म्हणतात.
"दाब चढला हुता. मी च्याला गेल्तो, बाई."

पुन्हा वाकतात.
"एवढंसं बी ऱ्हातंय व्हय आत?"