सारख्या दोन खोल्या

एकोणतीस वर्षं मी ग्रिम्सबीच्या गोदीवर बर्फ राखला.
गारवा कशानं टिकतो, ते माझ्या हातांना विचारा:
वीतभर जाडीचं बूच, त्यावर डांबर,
आणि येता-जाता दार लावायची सवय.

म्हणून ग्लेनिसनं ती पिशवी टेबलावर ठेवली
तेव्हा मी आधी पिशवीची जाडी पाहिली.
रंगात कालवायची पांढरी पूड,
चिमटीत धरली तर चिमूट रिकामीच.
काचेचे पोकळ गोळे म्हणे, नजरेला न दिसणारे;
भिंतीवर एक हात मारा
आणि गॅसचं बिल चौथाईनं उतरवा.
पी हळद नि हो गोरी.
पण बावीस पौंड तिच्या पगारातले.
मी हसलो नाही.

मागच्या दोन खोल्या, जुळ्या, उत्तरेला तोंड करून.
रंग एकच, सायीसारखा; एकीत पूड, एकीत नाही.
दोन हीटर, दोघांना आपापलं मीटर, काटा अठरावर.
आकडे टिपायला शेजारच्या होदानचा लिबान,
वय अकरा, सातला आडवी रेघ देणारा.
पूड कुठल्या खोलीत, ते त्याला सांगितलं नाही.
माझ्या डोळ्यांवर माझाच भरवसा नव्हता:
त्यांना ग्लेनिसचं खरं ठरायला हवं होतं.

जानेवारी. समुद्रावरचा वारा हाडं मोजत फिरणारा.
दहाव्या दिवशी लिबान तळवा टेकवून म्हणाला,
"ही भिंत उबदार आहे. हीच ती."
ती नुसत्या रंगाची होती.
मी चहा ढवळत राहिलो.

तीन आठवड्यांनी वहीत
एकशे चौऱ्याहत्तर, आणि एकशे त्र्याहत्तर पॉइंट सहा.
एवढा फरक तर
तो दार उघडून आत येतो, त्यानंही पडतो.
कागदाएवढ्या थराकडे आम्ही
भिंतीचं काम मागत होतो.

ऊब जाते कुठून, ते टिश्यूच्या पट्टीनं दाखवलं:
माळ्याच्या झाकणापाशी धरली
तर वर ओढली गेली, फटीला चिकटून बसली.

रविवारी ग्लेनिसचा फोन.
"खोली छान दिसते," मी म्हणालो.
मग आकडे सांगितले, दोन्ही, दशांशासकट.
ती बराच वेळ गप्प.

लिबान वही मिटेना.
"हीटर एकमेकांच्या खोलीत ठेवून पाहिले का?
एखादा जात्याच खादाड असला तर?"

पाहिले नव्हते.
एकोणतीस वर्षं बर्फ राखला, आणि हे सुचलं नाही.
उद्या त्याची शाळा सुटली की उचलायचे आहेत;
जिन्यापाशी वळण अरुंद आहे,
एकट्याला जमत नाही.