हात वर केलेला निवडुंग

हर्षल गिरासे सहा वर्षं राहून आला
कुठल्याशा वाळवंटातल्या शहरात,
आणि नंदुरबारात, धुळे रस्त्याला, टायरवाल्याच्या शेजारी
त्यानं हॉटेल टाकलं. मेक्सिकन.
म्हणाला, फ्लेक्स नको, तिकडे भिंती हातानं रंगवतात.
अकरा वर्षांनी कुणी माझ्या ब्रशची चौकशी केली.
टर्पेंटाइनमध्ये भिजत घातले,
केस मऊ पडायला दोन दिवस गेले.

म्हणाला, निवडुंग काढा काका.
मी काढला. आमच्या बांधावरचा, फड्या,
पंज्यावर पंजा, लाल बोंडं, एक सरडासुद्धा.
तो म्हणाला, हा नव्हे. तो उंच असतो,
दोन्ही हात वर करून उभा.
म्हटलं, हात वर? कशाला? पोलीस आलेत का?
मोबाइलवर दाखवलं त्यानं. काचेवर ऊन एवढं
की मला माझंच तोंड दिसलं.

मग टोपीवाला माणूस. सुपाएवढी टोपी, मिशा.
मिशा मला एकच येतात,
मिरची बाजारातल्या धुडकू अडत्याच्या.
तशाच काढल्या. दुसऱ्या दिवशी धुडकूशेठ स्वतः येऊन
खालून वर बघत राहिला,
पान थुंकला,
"टोपी जराशी धाकली कर," म्हणाला.

आत तव्यापाशी सुरतीबाई पावरा, धडगावकडची.
मक्याची भाकर दोन तळव्यांतच
फिरवत थापते, परात लागत नाही तिला.
गिरासे सांगतो, मावशी, पातळ, अजून पातळ,
तिकडे एवढी जाड नसते.
ती काही बोलत नाही. पुढची थोडी जाडच करते.
त्यात राजमा, कांदा, कैरी, वरून चीजचा कीस,
आणि भाकर मिटते, उधारीची वही मिटावी तशी.
नाव टाको. एकशे चाळीस रुपये.
माझ्या बायकोनं एक घास घेतला :
"हाई ते मकानी भाकर शे. दुमडेल."
आणि दुसरा मागवला.

गिरासेचं म्हणणं, मिरची मूळची तिकडचीच,
जहाजातून आली,
आपण नुसती पथारीवर वाळत घातली.
नुसती.
माझी आई बावीस हिवाळे पथारीवर देठ खुडत होती.
रात्री बोटं ताकात बुडवून बसायची,
आणि आमच्या गालाला कधी हात लावायची नाही.
मूळची कुठली, हे तिला कुणी सांगितलं असतं
तर म्हणाली असती,
"मंग धाडी द्या ना माघारी."

निवडुंग राहिलाच होता.
मे महिना, दुपारचे दोन, शिडीला हात लावायची सोय नाही,
हिरवा रंग डब्यातच साय धरत होता.
रस्त्यावर चिटपाखरू नाही, फक्त चौफुलीवर एक म्हातारा,
डोक्यावर फडकं, पायाशी पिशवी.
दोंडाईच्याची जीप दिसली
तसे त्यानं दोन्ही हात वर केले.
जीप भरलेली. थांबली नाही.
त्यानं हात खाली घेतले नाहीत.
दुसरी येईल म्हणून, किंवा विसरला असेल.

तेवढ्यात मी काढून घेतला.
हिरव्यात थोडा पिवळा, खांद्यांवर काटे,
दुपारच्या बाजूनं पांढरी रेघ.
पायाशी पिशवी राहू दिली.

गिरासे बाहेर आला, कपाळावर हात धरून
खूप वेळ बघत राहिला.
"हाच," म्हणाला, "अगदी हाच होता,
मी राहायचो त्या गल्लीच्या तोंडाशी."
मग म्हणाला, "पण ती पिशवी?"

म्हटलं, असू दे.

सतराशे रुपये बाकी आहेत त्याच्याकडे.
दर बुधवारी जाऊन थोडे खाऊन येतो.