ळ

बाजार समितीच्या आवारात मांडव पडलाय.
सुपडूभाऊंचं मानपत्र मी लिहावं असं ठरलंय,
कारण एकोणतीस वर्षं त्यांची पत्रं मीच बडवली.
बडवली म्हणतो ते खरंच आहे,
चोपड्याच्या ऑफिसातलं ते यंत्र
बोटाच्या नुसत्या सांगण्यानं ऐकत नसे.

त्र्याण्णवच्या उन्हाळ्यात त्यातला ळ तुटला.
नवा खिळा पुण्याहून मागवायचा होता, राहिला.
मग जिथं ळ, तिथं मी जागा मोकळी सोडायचो
आणि कागद निघाला की निळ्या पेनानं भरायचो.
आमच्याकडं ळशिवाय पत्र होत नाही:
शाळेची खोली, केळीवरचं वादळ, दुष्काळ,
आणि पत्ता तर खुद्द जळगाव.

भाऊंच्या तोंडात ळ नव्हताच.
चार लेकरं गेल्यावर हे तरी जगावं
म्हणून सुपात घालून ओढलेलं पाचवं पोर,
डोळ्याला डोया म्हणत वाढलं.
पहिल्याच अधिवेशनात उभे राहिले:
"अध्यक्ष महाराज, मन्हा गावना नयले पानी नही."
सभागृह हसलं. मागचे बाक जरा जास्तच.
भाऊ थांबले. पेल्यातलं पाणी प्याले, तिथं होतं.
मग तेच वाक्य पुन्हा म्हणाले,
तितक्याच हळू.

छापील कार्यवृत्तात ते असं आलं,
'माझ्या गावातील नळांना पाणी नाही.'
माझ्यासमोर धरून म्हणाले,
"नारखेडे, हाई मी कव्हय बोलनू?"

सगळं झालं असं नाही.
मानपत्रात बसणार नाही, म्हणून इथं लिहितो.
उपसा योजनेचे खांब तापीत उभे आहेत,
त्यांवर बगळे बसतात.
मेहुण्याच्या मळ्याकडचा रस्ता आधी झाला,
तेव्हा मी दोन दिवस बोललो नाही. तेही नाहीत.
पाड्यावर वीज जायला अकरा वर्षं लागली.

त्या अकरा वर्षांत रुमलीबाई पावरा
दर गुरुवारी सातपुडा उतरून यायची,
बाकड्यावर टेकायची, काही मागायची नाही,
आपला कागद कुठवर गेला तेवढं विचारायची.
भाऊ बोटानं हवेत दाखवायचे:
हे धुळं, हे नाशिक, ही मुंबई,
आता इथं अडकलाय बघ.
ती त्या जागेकडं बघत राहायची.
बल्ब लागला तेव्हा तिनं पानात बांधून चारोळ्या पाठवल्या.
पोच लिहिताना
ळ मी जरा मोठाच काढला.

एकदा पडले. दोनशे बारा मतांनी.
दुसऱ्या दिवशी नऊला ऑफिस उघडं, भाऊ खुर्चीवर,
डोळे सुजलेले.
मी विचारलं, आता लेटरहेड?
"कोऱ्यावर मार. टपालवाला तोच शे."

आजचं मानपत्र कॉम्प्युटरवर झालं.
सगळे ळ आपापल्या जागी, एकाच शाईचे.
'कर्तव्यदक्ष' आलं तेव्हा भाऊ शालीच्या गोंड्याशी खेळत होते,
'लोकनेते'ला त्यांना खोकला आला.
मग माइक हातात दिला.
बराच वेळ काहीच नाही.
मांडवामागून भरताच्या वांग्यांचा जळका वास येत होता.

"नयले आते पानी येस का?"

कुणी हसलं नाही.
शेवटच्या रांगेतून एक बाई म्हणाली,
"येस ना भाऊ. एक दिवस आड."
"एक दिवस आड?"
आणि ते खिशात चष्मा शोधू लागले.

ऑफिस आवरलं तसं यंत्र माझ्या घरी आलंय.
रात्री फडकं काढलं, कागद चढवला.
'विषय : न   योजना'
जागा सोडली.
सही भाऊंचीच. फक्त नावाखाली
आता 'माजी' मारावं लागेल.
बरं आहे,
त्यात ळ नाही.