जर-तर

इसाफ्योर्दुरला दुपारी तीनलाच दिवे लागतात.
सोलरून मासळीच्या कारखान्यातून येते,
बोटांना कॉडचा वास, तशीच कीबोर्डवर.

बॉटला पहिला शब्द दिला: चाल.
चालला. भिंतीला धडकला.
ती कॉफी करून आली तरी
धडकतोच आहे, आज्ञाधारक.

जर-तरच्या गप्पांना कायम नाक मुरडणारी ती
आता तेच लिहिते:
जर भिंत, तर वळ.
वळला. पुन्हा वळला. चार भिंतींत
घाण्याचा बैल.
किती वेळा, ते सांगायचं राहिलंच.

उद्या सहाला पट्टा सुरू:
सुरी, काटा, सुरी.

जर दार, तर थांब.
एवढं लिहिलं.
पुढचं सुचेना.

पहाटे बूट चढवताना पाहिलं:
खेळातल्या बर्फात तो
दाराशी उभा,
दार उघडंच.