नव्वदच्या पुढे

नव्वद मैलांच्या पुढे गेलं की शिट्टी वाजते,
असं टनिक्लिफनं वहीत लिहिलं
सहा मार्चला, पेन्सिलीनं.
खाली चहाच्या कपाचा गोल डाग.

गाडीला तेव्हा नाव नव्हतं. नुसती 'तीन नंबर'.
राखाडी रंगाचा एकच हात, नाकावर खोटं बोधचिन्ह,
खुर्च्यांना कातडं नाही, गोणपाट.
आम्हाला करायची होती लांब पल्ल्याची, ऐटीतली गाडी:
कॉव्हेंट्रीत न्याहारी करावी,
बोटीनं इंग्लिश खाडी ओलांडावी,
दुसऱ्या दिवशी दक्षिणेच्या समुद्राकाठी उतरताना
कोटाला सुरकुती नसावी.

शिट्टी तर नकोच.

मग सगळे तिच्या मागे.
पत्रेवाल्या गार्साइडनं काचेचा खांब सुतभर घासला.
रबर चार वेळा बदललं.
दाराच्या सांध्यात नमदा मी शिवला,
मी एनिड, शिवणखात्यातली, सुई वाकेस्तोवर.
बॉनेटवर लोकरीचे धागे चिकटवून वारा पाहिला;
धागे गुमान निजले, विंचरलेल्या केसांसारखे.

आणि वहीत:
'श्रॉपशरचा चढ. इंजिन गोड. शिट्टी ऐंशीलाच.'
'वेल्स. पाऊस. गिअर लोण्यासारखा. शिट्टी सत्तरला.'
'दिएप ते लियाँ, रात्रभर. डावा गुडघा दुखतो. शिट्टी पन्नासला.'
जितकं बुजवत गेलो
तितकी ती अलीकडे येत गेली.

जूनमध्ये मला त्याच्या शेजारी बसवलं.
बायकांचे कान तिखट, साहेब म्हणाले.
ऐंशी. नव्वद. कुंपणं मागे पळाली,
मेंढ्यांचा एक पांढरा फराटा.
शंभर.
स्टीअरिंगवर त्याचा हातमोजा घासतो
तेवढं ऐकू येत होतं मला.
'ही,' तो म्हणाला. 'ही बघ.'

एका फाटकापाशी थांबलो. इंजिन बंद.
लांब कुठेतरी गाय हंबरली.
तो मान तिरकी करून बसला होता,
दुसऱ्या खोलीतून कुणी हाक मारल्यासारखा.
'अजून आहे?' मी विचारलं.
बराच वेळ तो किल्लीकडे बघत राहिला.

वीस वर्षं शर्यतीच्या इंजिनांशेजारी काढलेली.
कानात कापूससुद्धा घालत नसत तेव्हा.
मार्चमधली शिट्टी खरी असेलही.

परतताना तो चाळिसाच्या वर गेला नाही.
वहीत मीच लिहिलं, त्याच्याच पेन्सिलीनं:
'शिट्टी नाही.'
कशानं गेली, विचारलं साहेबांनी.
नमद्यानं, म्हटलं.

ऑक्टोबरात प्रदर्शन.
लोक दार लावत, उघडत, पुन्हा लावत,
आत बसले की आपोआप कुजबुजत.
एवढी शांतता आणली कुठून,
एका छत्रीवाल्या गृहस्थानं विचारलं.
साहेब रबराबद्दल बोलले, खांबाच्या कोनाबद्दल.
टनिक्लिफ दोरीपलीकडे उभा, नवा टाय लावून,
उजवा कान भिंतीकडे,
सगळं ऐकू आल्यासारखा हसत.