बत्तीसचा उजवा फेरा

पहिल्यांदाच येतोयस टॅलो क्रीकला, तर ऐक.
मी वर्ना क्रेचेक. गवत कापते, दिवे बदलते.
इथं टॉवर नाही.
उतर म्हणणारं कुणी नाही, थांब म्हणणारंही नाही.
धावपट्टी एकच, चौदा आणि बत्तीस,
एकाच डांबराची दोन नावं;
कुठल्या नावानं हाक मारायची ते वारा ठरवतो.

आधी ती तेरा-एकतीस होती.
उत्तर सरकली, म्हणाले नेब्रास्काच्या कचेरीतले लोक,
होकायंत्रातली उत्तर, दरवर्षी केसभर.
मग एका रविवारी बादली-ब्रश घेऊन
मी तीनाचा चार केला, एकाचे दोन.
धावपट्टी जागची हलली नाही.

दहा मैलांवरून रेडिओवर बोल.
आधी गावाचं नाव घे, शेवटी पुन्हा गावाचं नाव,
कारण याच लहरीवर आणखी सात गावं आहेत
आणि खरखरीत सगळे सारखेच बोबडे.
"टॅलो क्रीक, पांढरं सेसना, दक्षिणेला दहा मैल,
उतरायला येतोय, टॅलो क्रीक."
उत्तर बहुतेक येणार नाही.
तरी बोल.
मी ऐकत असते. माणसं रिकाम्या आभाळाला
पूर्ण वाक्यात सांगतात आपण कुठं आहोत ते.
घरी इतकं सांगत नाहीत.

रात्री आलास तर माइकचं बटण पाचदा दाब, दिवे लागतील.
संध्याकाळी हरणं डांबरावर ऊब घेत बसतात;
एकदा वरून नुसता घोंगावत जा, उठतील.
पेट्रोल कार्डावर. कॉफी फुकट, पण कालची.

आणि बत्तीसला फेरा उजवा.
जगभर डावा असतो, इथं उजवा.
नकाशात लिहिलंय. का, ते लिहिलेलं नाही.
तपासनीस आला होता, त्याला मी म्हटलं, आवाज.
त्यानं रकान्यात 'आवाज' भरलं आणि गेला.

नैर्ऋत्येला तो टोपी उडालेला सायलो दिसेल,
तिथं स्टॉडर्डांचं घर होतं.
व्हाक्लाव होलुबेक फवारणीचं पिवळं विमान चालवायचा.
त्याच्या औषधानं स्टॉडर्डच्या मधमाश्या मेल्या,
सदतीस पेट्या.
कोर्ट झालं, बोलणं तुटलं,
चर्चमध्ये दोघं चार बाकं सोडून बसायचे.
मग एल्वा स्टॉडर्ड खाटेला खिळली, खिडकीशी.
जूनमध्ये एका सकाळी होलुबेक रेडिओवर म्हणाला,
"एकतीस, उजवीकडून."
एवढंच. कारण नाही, माफी तर नाहीच.
त्याची शेतं सगळी डावीकडे होती, तरी
दिवसाला वीस वेळा तो उजवीकडून वळला.
बाकीचे त्याच्यामागून वळू लागले.

एल्वा ऑगस्टमध्ये गेली.
डिसेंबरात मोठा बर्फ पडला, त्या पहाटे
कुणीतरी ट्रॅक्टरनं धावपट्टी साफ केलेली,
पार होलुबेकच्या हँगरच्या दारापर्यंत.
चाकोऱ्या स्टॉडर्डच्या कुंपणाकडून आलेल्या.
मी विचारलं नाही. होलुबेकनंही नाही.
मात्र फेरा त्यानं बदलला नाही,
आणि पुढे तो छापून आला.

असो. वारा आज वायव्येचा, बारा नॉट,
म्हणजे तुला बत्तीसच मिळणार.
जमिनीपासून हजार फूट धरून ठेव,
सायलो लांबून बघ.
मी हँगरात असेन, रेडिओ चालू आहे.
उत्तर देईनच असं नाही.