सातवं कलम

फेब्रुवारीत, बागेचा ताबा द्यायच्या दोन दिवस आधी
आस्लाउग बर्फातून एकटीच वर चढली.
सहा झाडांच्या सहा काड्या,
पेन्सिलीएवढ्या, गेल्या उन्हाळ्यातल्या,
डोळे अजून मिटलेले.
ओल्या भुशात गुंडाळून तिनं त्या
घरामागे उत्तरेच्या सावलीत, बर्फाखाली पुरल्या
आणि मला सांगितलं नाही.

सांगायचं कारणही नव्हतं.
खरेदीखतात सातव्या कलमाखाली सही माझी:
जमीन, उभ्या झाडांसह.
'उभ्या' हा शब्द वकिलानं दोनदा वाचला होता.

एप्रिल संपताना तिचा फोन.
"पट्टी गुंडाळायला कुणीतरी हवंय.
माझा अंगठा हल्ली ऐकत नाही."
बाकी काही नाही. मी बोटीनं फियॉर्ड ओलांडला.
वाटेत मागे वळून बघितलं तर आमची बाग.
म्हणजे, बागेची जागा. पिवळं यंत्र, आणि
चहा पीत बसलेले दोघं.

तिच्या भाड्याच्या घरामागे, कपड्यांच्या तारेखाली
एकच खुंट. आधीच्या कुणा भाडेकरूनं
सफरचंद खाऊन फेकलेल्या बोंडातून उगवलेला,
बिननावाचा, खडबडीत, कुणाचा कुणी नसलेला.
तिनं त्याच्या सहा फांद्या करवतीनं उतरवल्या.

मग सुरी.
एक तिरपा काप फांदीला, तेवढाच काडीला,
दोन्हींत एकेक जीभ, जिभेत जीभ अडकवायची.
"एका बाजूनं तरी साल सालीला भिडू दे.
दोन्हीकडून जुळेल अशी आशा धरू नकोस."
मी पट्टी ओढली.
"अजून घट्ट. आणि जूनमध्ये सोडायला ये,
नाहीतर बांधलेलंच झाडाला खातं."
वर मेण, मऊ, तळहातावर गरम केलेलं.

ग्रावेनस्टाइन. प्रिन्स. तोर्स्टाइन.
ज्यावरून मी पडलो आणि दात गेला, ते.
विहिरीजवळचं, ज्याला फळ एक वर्षाआड.
आणि स्वयंपाकघराच्या खिडकीसमोरचं,
ज्याचं खरं नाव बाबांनाही ठाऊक नव्हतं;
आई त्याला नुसतं 'रविवार' म्हणायची.

जूनमध्ये चार जगले.
विहिरीजवळचं काळं पडलं, तोर्स्टाइनही.
रविवार उशिरा का होईना, फुटला,
तेव्हा ती कुंपणाशी जाऊन उभी राहिली, पाठमोरी.

ग्रावेनस्टाइन मात्र सुटलाच. सगळं पाणी त्याचं.
दर हिवाळ्यात ती आधी त्यालाच छाटते.
"जो जास्त ओढतो त्याची कात्री आधी,"
म्हणते, आणि माझ्याकडे बघत नाही,
म्हणजे बघतेच.

तिसऱ्या वर्षी सगळ्या जोडांच्या खाली,
थेट खोडातून, एक फुटवा निघाला.
असले फुटवे काढायचेच असतात. मी सुरी उघडली.
"राहू दे."
"खालचा आहे. आंबटढाण निघेल."
"निघू दे. एवढ्या जणांना पाजतोय,
त्याला स्वतःला काय धरतं
ते विचारलंय कुणी?"

मी सुरी मिटली. पुढे चार वर्षं
त्या फांदीनं नुसतीच पानं धरली,
आणि काटे. आस्लाउग तिच्याभोवतीनं
चादरी वाळत घालायची.

परवा, सप्टेंबरात, पाच फळं आली.
हिरवी, अक्रोडाएवढी, एका अंगाला गंज चढल्यासारखी.
तिनं एक चिरलं, अर्धं मला दिलं.
माझे कान बंद झाले, डोळ्यांतून पाणी आलं,
आणि मग, अगदी मागून, जिभेच्या मुळाशी
काहीतरी. गोड नव्हे. थंड दगडासारखं.

ती सावकाश चावत होती.
पलीकडच्या काठावर नव्या घरांतले दिवे
एकेक करून लागत होते.
"हे आपल्याकडे नव्हतं,"
एवढंच म्हणाली.

मी दुसरं फळ तोडलं.
शेवटची बोट गेल्याचा भोंगा
आम्ही दोघांनीही ऐकला होता.